दावा वयाचा, टिकला आकसाचा: एका लेक्चररबाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग. इथे ज्यांना नुसतं 'बाई' म्हटलंय त्या तिथे सीनिअर लेक्चरर. वय ६२, नोकरीला १९ वर्षं. टेन्युअर म्हणजे कायम नोकरीची हमी नाही, तीन-तीन वर्षांचे करार आणि मुदत संपली की नूतनीकरण. ओळख पटू नये म्हणून विषय आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण सगळं प्रकरण त्या क्रमावरच उभं आहे. मी ही फाइल प्राध्यापक संघटनेच्या बाजूने पाहिली. माझा कल कुठे असेल ते वाचकांनी गृहीत धरावं.

थोडं कायद्याबद्दल. अमेरिकेत नोकरीतला वयभेद १९६७ च्या कायद्याने बेकायदा ठरवला. एडीईए या नावाने तो ओळखला जातो आणि ४० वर्षं व त्यापुढच्या नोकरदारांना लागू होतो. १९८६ च्या दुरुस्तीने बहुतेक नोकऱ्यांतली सक्तीची निवृत्ती उडाली, पण टेन्युअर असलेल्या प्राध्यापकांना ७० व्या वर्षी निवृत्त करायची सवलत विद्यापीठांनी १९९३ अखेरपर्यंत मिळवून घेतली होती. ती संपल्यापासून 'वय झालं, आता निघा' असं तिथे कुणाला सांगता येत नाही. मग सांगणं आडून होतं: तास बदलतात, वर्ग बदलतात, वार्षिक मूल्यमापनात एखादा शेरा येतो. टेन्युअर नसलेल्यांच्या बाबतीत तर एवढंही करावं लागत नाही, करार वाढवला नाही की काम झालं.

समस्या

विभागात बाहेरून नवे विभागप्रमुख आले, वय ४१. डीनच्या कार्यालयाला डेटा सायन्सचा नवा अभ्यासक्रम उभा करायचा होता आणि त्यासाठीच त्यांना आणलं होतं. विभागाच्या बैठकीत ते म्हणाले की आपल्याला ताज्या दमाची, कोडिंग करतच मोठी झालेली माणसं हवीत. बाईंना त्यांनी दोनदा निवृत्तीबद्दल विचारलं, एकदा जिन्यात आणि एकदा मूल्यमापनाच्या भेटीत. सूर आपुलकीचा होता, असं खुद्द बाईच सांगतात.

एप्रिलमध्ये बाईंचा नमुना सर्वेक्षणाचा वर्ग काढून ३४ वर्षांच्या नव्या सहकाऱ्याला दिला. हा वरच्या वर्षाचा अभ्यासक्रम बाईंनी स्वतः बांधला होता. त्यांच्याकडे उरले ते पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग, सभागृहात शेकड्याने मुलं बसतात ते. पगार तेवढाच राहिला, हुद्दाही तोच.

त्यांनी डीनना ईमेल लिहिला. १९ वर्षांच्या सेवेची कदर नाही, मला अन्यायाने वागवलं जातंय, असा त्याचा सूर होता. त्यात 'वय' हा शब्द कुठेच नव्हता. डीननी दोन ओळींचं गोड उत्तर पाठवलं आणि विषय तिथेच थांबला.

ऑक्टोबरमध्ये एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून बाईंनी विद्यापीठाच्या समान संधी कार्यालयाकडे रीतसर लेखी तक्रार केली. या वेळी वयाचा उल्लेख स्पष्ट होता: बैठकीतलं वाक्य, निवृत्तीच्या चौकशा, काढून घेतलेला वर्ग. कार्यालयाने नियमाप्रमाणे विभागप्रमुखांना नोटीस पाठवली.

त्यानंतर चार महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. वसंत सत्राचं वेळापत्रक आलं त्यात बाईंचा सकाळी ८ चा वर्ग मुख्य कॅम्पसवर आणि त्याच दिवशी संध्याकाळी ७ चा वर्ग दुसऱ्या कॅम्पसवर होता. डिसेंबरच्या मूल्यमापनात, आधीची पाच वर्षं 'अपेक्षेपेक्षा सरस' असलेला शेरा 'अपेक्षेनुसार' वर घसरला. आणि फेब्रुवारीत पत्र आलं: विभागाच्या शैक्षणिक गरजा लक्षात घेता करार वाढवला जाणार नाही, पुढचं शैक्षणिक वर्ष शेवटचं.

वयाचा दावा कितपत उभा राहतो

पत्र हातात पडलं तेव्हा बाईंच्या मते सगळं उघड होतं. म्हातारी झाले म्हणून काढताहेत. कागदांवर मात्र ते तितकंसं उघड दिसत नव्हतं.

२००९ च्या ग्रॉस विरुद्ध एफबीएल फायनान्शियल या निकालात सुप्रीम कोर्टाने पट्टी बरीच वर नेली. वय हे अनेक कारणांपैकी एक कारण होतं एवढं दाखवून भागत नाही. वय आड आलं नसतं तर हा निर्णय झालाच नसता, इथपर्यंत जावं लागतं. विभागात साठीपुढचे आणखी दोन लेक्चरर होते आणि त्याच वर्षी, त्याच विभागप्रमुखांच्या सहीने, दोघांचेही करार वाढले होते. विद्यापीठाच्या वकिलाने पहिल्याच पत्रात ते नमूद केलं. बैठकीतलं वाक्य बोचरं होतं खरं, पण ते अभ्यासक्रमाबद्दल होतं, कुणाच्या कराराबद्दल नव्हतं. अशी सुटी वाक्यं आणि निर्णय यांच्यातला धागा कोर्टाला दाखवावा लागतो.

डीनना पाठवलेला पहिला ईमेलही उपयोगी पडेना. १९९३ च्या हेझन पेपर निकालात कोर्टाने सेवेची वर्षं आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं सांगितलंय. ज्येष्ठतेचा मान राखला नाही ही तक्रार वयभेदाची होत नाही. त्यामुळे कायद्याने संरक्षण मिळेल अशी पहिली तक्रार ऑक्टोबरची धरावी लागली आणि एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ आकसाच्या, म्हणजे तक्रार केल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या, दाव्यातून बाहेर पडला.

आकसाचा दावा वेगळा का

आपल्याकडे शिक्षक मंडळींत या मुद्द्यावर हमखास गैरसमज असतो. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तर तक्रार केल्यामुळे भोगावं लागलं याला अर्थ उरत नाही, असं वाटतं. एडीईएमध्ये तसं नाही. तक्रार प्रामाणिक असावी आणि तसं वाटण्याला वाजवी कारण असावं, एवढं पुरतं. वयभेद झालाच होता हे सिद्ध व्हायची गरज नाही. आणि शिक्षा म्हणजे नोकरीच जायला हवी असंही नाही. २००६ च्या बर्लिंग्टन नॉर्दर्न निकालातली कसोटी अशी आहे की असं वागवल्याने एखादा समंजस कर्मचारी तक्रार करायला कचरेल का. तो निकाल वंश-लिंगभेदाच्या कायद्याखालचा, पण वयाच्या प्रकरणांतही कोर्टं तीच कसोटी लावतात. पगाराला हात न लावता माणसाला सकाळी ८ ला एका कॅम्पसवर आणि संध्याकाळी ७ ला दुसऱ्या कॅम्पसवर उभं करणं तिच्यात बसू शकतं.

पण दाखवावं लागतं ते कारण. विभागप्रमुखांना तक्रार माहीत होती का, आणि त्यांनी जे केलं ते आधीच ठरलेलं होतं का? २००१ च्या क्लार्क काउंटी स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध ब्रीडन निकालाने मालकांना इथे भक्कम ढाल दिली आहे. आधीपासून विचारात असलेली गोष्ट तक्रारीनंतर पुढे नेली, एवढ्यावरून आकस सिद्ध होत नाही. विद्यापीठाने तीच ढाल पुढे केली. नव्या अभ्यासक्रमामुळे वेळापत्रकाची फेरमांडणी सप्टेंबरपासूनच चालू होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे राज्य विद्यापीठ असणं कामाला आलं. राज्याच्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली संघटनेने वेळापत्रकाची फाइल मागितली, नुसती छापील प्रत नको, सगळ्या जुन्या आवृत्त्यांसकट. ती एक साधी सामायिक स्प्रेडशीट होती. सप्टेंबरच्या आवृत्तीत बाईंच्या नावापुढे सोमवार-बुधवार, सकाळी १० आणि दुपारी १, दोन्ही वर्ग मुख्य कॅम्पसवर. ऑक्टोबरअखेरपर्यंत त्या ओळीला कुणी हात लावलेला नाही. समान संधी कार्यालयाची नोटीस विभागप्रमुखांना गेली सोमवारी. बुधवारी रात्री त्यांच्या लॉगिनवरून ती ओळ बदलली. शेवटचा रकाना 'बदलाचं कारण' असा होता. त्या सत्रात बदललेल्या इतर प्रत्येक ओळीपुढे काहीतरी लिहिलेलं होतं: प्रोजेक्टर नादुरुस्त, बाळंतपणाची रजा, खोली लहान पडते. बाईंच्या ओळीपुढे रकाना रिकामा.

मूल्यमापनाच्या अंतिम प्रतीत वावगं काही नव्हतं. मसुद्यात होतं: 'विभागातले प्रश्न विभागात न सोडवता बाहेर नेण्याकडे कल.' हे वाक्य अंतिम प्रतीतून कुणीतरी काढलं, शेरा मात्र तसाच राहिला. विभागप्रमुखांना वृद्ध माणसांचा तिटकारा होता असं मला फाइल वाचून वाटलं नाही. आपल्याविरुद्ध लेखी तक्रार झाली हे त्यांना झोंबलं. आकसाच्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ असंच असतं, आणि म्हणूनच ती मूळ तक्रारीपेक्षा सिद्ध करायला सोपी जातात. दुखावलेला माणूस घाई करतो आणि मागे कागद ठेवतो.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीच्या पत्रानंतर बाईंसमोर चार वाटा होत्या.

पहिली, संघटनेच्या करारातली अंतर्गत दाद. ती स्वस्त आणि ओळखीची. समान संधी कार्यालयाची चौकशी अजून चालूच होती आणि तिथल्या एका अधिकाऱ्याने बाईंना सांगितलं होतं की आधी आमचं होऊ द्या, मग बाहेर जा. या सल्ल्याने केवढं नुकसान होतं ते १९८० च्या डेलावेअर स्टेट कॉलेज विरुद्ध रिक्स निकालात दिसतं. तोही वाद एका अध्यापकाचाच. टेन्युअर नाकारला, एक वर्षाचा शेवटचा करार दिला, अंतर्गत दाद चालू राहिली. कोर्टाने सांगितलं की मुदत मोजायची ती निर्णय कळवल्याच्या दिवसापासून, नोकरी प्रत्यक्ष संपेल तेव्हापासून नव्हे. आणि अंतर्गत दाद चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. बाई मात्र शेवटचं वर्ष संपेपर्यंत वेळ आहे अशा समजुतीत होत्या.

दुसरी वाट, केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे म्हणजे ईईओसीकडे रीतसर तक्रार. मुदत १८० दिवस. ज्या राज्यात वयभेदाविरुद्ध स्वतःचा कायदा आणि यंत्रणा आहे तिथे ३०० दिवस. बाईंच्या राज्यात ३०० होते. एडीईएखाली ही तक्रार दाखल करून ६० दिवस थांबलं की कोर्टात जाता येतं, आयोगाच्या परवानगीपत्राची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी, थेट केंद्रीय कोर्टात भरपाईचा दावा. बाईंच्या मनात हीच होती, कारण जाणूनबुजून कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर बुडालेल्या पगाराच्या दुप्पट मिळतात असं त्यांनी वाचलं होतं. वाचलेलं बरोबर, पण राज्य विद्यापीठाविरुद्ध ते चालत नाही. २००० च्या किमेल विरुद्ध फ्लोरिडा बोर्ड ऑफ रीजंट्स या निकालात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की एडीईएखाली खासगी व्यक्तीला राज्य सरकारकडून पैशांची भरपाई मागता येत नाही. त्या खटल्यातल्या वादींमध्ये फ्लोरिडातल्या दोन राज्य विद्यापीठांचे अध्यापक आणि ग्रंथपाल होते, अलाबामातल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापकही. खासगी विद्यापीठातल्या शिक्षकाला जो दरवाजा उघडा आहे तो सरकारी विद्यापीठातल्या शिक्षकाला बंद, आणि बहुतेकांना हे वकिलाच्या खुर्चीसमोर बसल्यावर कळतं. तरी ईईओसी स्वतः राज्याविरुद्ध दावा करू शकते, अधिकाऱ्यांविरुद्ध पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मागता येतो, आणि राज्याच्या कायद्यात सोय असेल तर राज्याच्या कोर्टात जाता येतं. बाईंच्या राज्यात ती सोय होती.

चौथी वाट डीनकडून आली. टप्प्याटप्प्याने निवृत्ती: दोन वर्षं अर्धवेळ काम, आरोग्यविमा पूर्ण. उत्तराला दहा दिवस. सोबतच्या कागदात सातव्या परिच्छेदात 'सर्व ज्ञात-अज्ञात दावे सोडून देत आहे' असं वाक्य होतं. बाई सही करायच्या अगदी बेतात होत्या. घरच्यांचाही तोच आग्रह होता आणि आर्थिकदृष्ट्या प्रस्ताव वाईट नव्हता.

काय केलं

मार्चच्या सुरुवातीला बाई वकिलाकडे गेल्या. वकिलाने आधी डीनचा कागद हातात घेतला. १९९० च्या दुरुस्तीप्रमाणे वयभेदाचा हक्क सोडून देणारा कागद टिकायचा तर त्यात एडीईएचा स्पष्ट उल्लेख लागतो, वकिलाचा सल्ला घ्या असं लेखी सांगावं लागतं, विचाराला किमान २१ दिवस आणि सहीनंतर मागे फिरायला ७ दिवस द्यावे लागतात. डीनच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. १९९८ च्या ऊब्रे विरुद्ध एन्टर्जी निकालाप्रमाणे असा कागद एडीईएच्या दाव्याला अडवू शकत नाही. म्हणजे बाईंनी सही केली असती तरी तो दावा बुडाला नसता. पण राज्याच्या कायद्याखालच्या दाव्याचं काय झालं असतं हा वेगळा प्रश्न, आणि भरपाईचा दरवाजा नेमका तिथेच होता. सही थांबली.

मग तारखा मोजल्या. वर्ग काढून घेतल्याला ३०० पेक्षा जास्त दिवस उलटले होते. २००२ च्या मॉर्गन निकालाप्रमाणे अशी प्रत्येक स्वतंत्र घटना तिच्या-तिच्या मुदतीत आणावी लागते. जुनी घटना पार्श्वभूमी म्हणून सांगता येते, तिच्यावर दाद मिळत नाही. वयाच्या दाव्यातला सर्वात ठोस प्रसंग तोच होता आणि तो हातातून गेला. वेळापत्रक, मूल्यमापन आणि फेब्रुवारीचं पत्र मुदतीत होतं.

वकिलाने आणखी एक प्रश्न विचारला: वय सोडून दुसरं काही? स्त्री म्हणून, परदेशी जन्माची म्हणून? विचारण्यामागे हिशेब होता. वंश, लिंग, मूळ देश यांवरच्या भेदभावाच्या कायद्याला किमेलची आडकाठी नाही, त्याखाली राज्याकडून भरपाई मागता येते. बाईंनी नाही म्हटलं. तसं काही घडलेलं नाही, आणि तक्रार खरी हवी, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे प्रत्येक टेबलावर त्यांच्या शब्दाला वजन राहिलं त्यात याचा वाटा होता असं मला वाटतं.

मार्चच्या मध्यावर ईईओसी आणि राज्याची यंत्रणा, दोन्हींकडे एकच तक्रार गेली. अर्जावर 'वय' आणि 'आकसाची कारवाई' अशा दोन चौकटींवर खूण. अंतर्गत दाद समांतर चालू ठेवली. दस्तऐवजांची मागणी संघटनेने केली आणि स्प्रेडशीट मे महिन्यात हाती आली.

निष्पत्ती

ईईओसीने मध्यस्थीचा प्रस्ताव ठेवला, दोन्ही बाजूंनी मान्य केला. मध्यस्थी एका दिवसात आटोपली. सकाळभर विद्यापीठाचा वकील साठीपुढच्या दोन लेक्चररांवर बोलत राहिला. दुपारी स्प्रेडशीटच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्यानंतर वयाचा विषय कुणी काढला नाही.

समझोत्यात बाईंना आणखी तीन वर्षांचा करार मिळाला, डिसेंबरचं मूल्यमापन फाइलमधून निघालं, वेळापत्रक आणि मूल्यमापन विभागप्रमुखांऐवजी सहयोगी डीनकडे गेलं, वकिलाची फी विद्यापीठाने भरली. रोख भरपाई नाही: बाई पगारावरच होत्या, त्यामुळे बुडालेला पगार शून्य, आणि मानसिक त्रासाची भरपाई एडीईएमध्ये सहसा मिळत नाही. राज्याच्या कोर्टात ती मागता आली असती, पण त्यासाठी दोन-तीन वर्षं लढायची त्यांची तयारी नव्हती. विद्यापीठाने चूक कबूल केली नाही. विभागप्रमुख जागेवर राहिले. नमुना सर्वेक्षणाचा वर्ग परत आला नाही.

सहीआधी एक छोटा खटका उडाला. विद्यापीठाने समझोत्याच्या मसुद्याला तीन दिवस दिले. ईईओसीकडे तक्रार दाखल झाल्यानंतरच्या समझोत्याला २१ दिवसांचा नियम लागत नाही, 'वाजवी मुदत' पुरते. तीन दिवस वाजवी की नाही यावर वकिलांची जुंपली, शेवटी दोन आठवडे मिळाले.

कुठे वेगळं करता आलं असतं

एप्रिलचा ईमेल. तोच मजकूर ठेवून 'माझ्या वयामुळे हे होतंय असं मला वाटतं' हे एक वाक्य घातलं असतं तर संरक्षण सहा महिने आधी सुरू झालं असतं. अर्थात असं वाक्य लिहायला शिक्षक का बिचकतात ते समजतं. वय झालं हे आपणच कागदावर मान्य केल्यासारखं वाटतं. वर्ग काढून घेतला तेव्हा कारण लेखी मागायचंही राहिलं. विभागप्रमुखांनी त्या वेळी काय उत्तर दिलं असतं ते आता कळणार नाही, आणि नंतर दिलेली कारणं दर पत्रात थोडी-थोडी बदलत गेली.

वकिलाकडे मार्चऐवजी ऑक्टोबरमध्येच गेलं असतं तर एप्रिलची घटना मुदतीत राहिली असती. साठीपुढच्या दोघांचे करार पाहता तिने वयाचा दावा जिंकून दिला असता असं नाही. पण मध्यस्थीत तो वर्ग टेबलावर तरी आला असता.

विद्यापीठाच्या बाजूची चूक मला जास्त ठळक दिसते. समान संधी कार्यालयाने विभागप्रमुखांना नोटीस धाडली आणि पुढे काय करू नये हे एका ओळीनेही सांगितलं नाही. तक्रारदाराचं वेळापत्रक, मूल्यमापन, कराराची शिफारस, तिन्ही ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात राहिली. डीननी फेब्रुवारीच्या पत्रावर सही करताना मागची पाच मूल्यमापनं उघडून पाहिली असती तरी त्यांना प्रश्न पडला असता. आणि 'बाहेर नेण्याकडे कल' हे वाक्य मसुद्यातून ज्याने काढलं त्याला धोका कळला होता. त्याने वाक्य काढून शेरा तसाच ठेवला. शेरा का घसरला हे तेव्हाच विचारलं असतं तर करार थांबवण्याचं पत्र निघण्याआधी विद्यापीठाकडे दोन महिने होते.

समझोत्यानंतरच्या सत्रापासून त्या कार्यालयाच्या नोटिशीत एक परिच्छेद वाढला आहे: तक्रार प्रलंबित असेपर्यंत तक्रारदाराबाबतचे निर्णय वरच्या अधिकाऱ्याने आधी तपासावेत. त्या विभागातल्या आणखी एका लेक्चररने नंतर तक्रार केली, वयाचीच. तिचं वेळापत्रक कुणी बदललेलं नाही. तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.